निळ्या नळीचं पेट्रोल

९ फेब्रुवारी

भावजी,

पत्र कुणाचं म्हणून पाकीट उलटसुलट करून पाहिलं असेल, तर सांगते, मीच आहे. तुमची वहिनी. अकरा वर्षांनी या घरातून तुम्हाला पत्र येतंय, आणि तेही कामासाठी. रागवायचं असेल तर आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

हे गेले त्याला परवा आठ महिने होतील. तुम्ही आलात, फाटकापाशी उभे राहिलात आणि चहाचा घोटही न घेता संध्याकाळच्या बसने परत गेलात. मी त्या दिवशी कुणाशीच बोलत नव्हते, तशी तुमच्याशीही बोलले नाही. मनात ठेवू नका.

काम असं आहे. नोव्हेंबरपासून ह्यांची गाडी मी चालवते. चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, आणि शिकवताना माझ्यावर जेवढे ओरडले तेवढे पुढे जन्मात ओरडले नाहीत. सकाळी दोन नर्सबाई आणि एका कंपाउंडरला चढावरच्या दवाखान्यात पोचवायचं, दुपारी खाली आणायचं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी आधी नाकं मुरडली, आता सवय झाली. पण गाडी चढावर आवाज करते. सपाटीवर गुणी पोरीसारखी चालते, आणि चढ लागला की बॉनेटखाली कुणीतरी डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी टणटण. काल धाकट्या नर्सबाईने विचारलं, "काकू, वाटेत फुटणार तर नाही ना?" मेकॅनिक म्हणतो, इंजिन म्हातारं झालं, भंगारात द्या.

भंगारात देऊन मी दिवसभर काय करू? घरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते आणि दुसरीकडे बघते. गाडीत निदान समोर बघावं लागतं.

पेट्रोलचं म्हणाल तर हिरव्या नळीचंच भरते. हे निळ्या नळीचं, ते वरच्या नंबरचं भरायचे. पण या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं, म्हणून माझ्या पक्कं लक्षात आहे. तेव्हा दोष पेट्रोलचा नसणार. मग कशाचा, ते कळवा.

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट उलटसुलट केलं नाही. अक्षर ओळखलं. दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं, एवढं मात्र खरं.

तुम्ही ज्याला टणटण म्हणता, तो आवाज ऐकणं हाच माझा तेवीस वर्षांचा धंदा आहे. प्रयोगशाळेच्या मागे एक जाड भिंतींची खोली आहे, तिच्यात एक इंजिन आहे. एकच सिलिंडर, म्हणून मी त्याला एकुलता म्हणतो. कारखान्यातून निघालेलं प्रत्येक पेट्रोल आधी त्याला पाजायचं आणि ते कुठे ठोके देतं ते पाहायचं.

थोडं समजावून सांगतो. इंजिनात पिस्टन वर येतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो. त्या दाबाखाली मिश्रणाने ठिणगी पडेपर्यंत गप्प राहायचं असतं. ठिणगी पडली की ज्योत तिथून शिस्तीत पुढे सरकते. पेट्रोल उतावळं असेल, तर ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटतं, आणि त्याचा दणका धातूला बसतो. तो तुमचा आवाज. चढावर इंजिनावर भार जास्त, म्हणून तिथे आधी ऐकू येतो. पेट्रोल किती दाब सोसून गप्प राहतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आमच्याकडे दोन बाटल्या असतात. एकीतलं द्रव्य फार सोशिक, त्याला शंभर म्हणायचं. दुसरीतलं अगदी उतावळं, ते शून्य. दोन्ही मिसळायची. एक्क्याण्णव भाग पहिलं आणि नऊ भाग दुसरं असं मिश्रण जितके ठोके देईल, तितकेच ठोके तुमच्या पेट्रोलने दिले, तर तुमचं पेट्रोल एक्क्याण्णव ऑक्टेनचं.

म्हणजे ऑक्टेन ही ताकद नव्हे. लोक निळ्या नळीकडे टॉनिक म्हणून धावतात, ते चूक. ज्या इंजिनात मुळात दाबच कमी, तिथे सोशिकपणा नुसता पडून राहतो. दादाची गाडी कमी दाबाची आहे. कंपनीच्या पुस्तकात एक्क्याण्णव छापलंय. तेव्हा त्या दिवशी मी बोललो त्यात शास्त्र म्हणून काही चुकलं नव्हतं.

तुमच्या पंपावर भेसळ असावी. आमच्या इथून तिकडे टँकर घेऊन येणारा ड्रायव्हर ओळखीचा आहे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात लिटरभर पेट्रोल त्याच्याकडे द्या.

इथे बरं आहे. इंजिन चालू असताना कानांवर जाड कर्णरक्षक लावावे लागतात, त्यामुळे कुणी हाक मारली तरी कळत नाही. हल्ली कुणी मारतही नाही.

तुमचा दीर


२७ फेब्रुवारी

भावजी,

डबा टँकरवाल्याकडे दिला आहे. त्याने आधी तो बाळ घ्यावं तसा दोन्ही हातांत घेतला, आणि मग सीटखाली ढकलून दिला.

ऑक्टेन समजलं. तुम्ही छान समजावता, असं हे तेव्हाही म्हणायचे. "धाकट्याने सांगितलं की दगडालाही कळतं." पण शास्त्र चुकलं नव्हतं म्हणता, त्यावर दोन शब्द लिहू का?

शास्त्राशी माझं भांडण नाही. तुम्ही सुट्टीवर आला होतात. हे पंपावर निळी नळी लावून उभे होते आणि शेजारी स्टँडवर सहा ड्रायव्हर चहा पीत होते. तुम्ही पहिलं वाक्य हळू बोललात. मग सगळे ऐकताहेत म्हटल्यावर तुमचा आवाज चढला. दाब काय, ठिणगी काय, सगळं सांगून झालं आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "पण या खटाऱ्याला हे पाजून काय फायदा? गाढवाला गुळाची चव काय!" तुम्ही गाडीला म्हणालात की ह्यांना, ते तुम्हालाच ठाऊक. सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते तर चहा सांडेपर्यंत हसले. ह्यांनी टाकीचं झाकण लावलं, हात पुसले आणि तुम्हाला बस स्टँडवर सोडून आले. रस्त्यात तुम्ही दोघे एक अक्षर बोलला नाहीत, असं मला नंतर कळलं.

तेव्हापासून स्टँडवर ह्यांचं नाव पडलं 'निळे साहेब'. तरी ह्यांनी निळी नळी सोडली नाही. का, ते विचारलं तर म्हणायचे, "गाडीला आवडतं." मी बायको असून मलाही वाटायचं, माणूस हट्टी आहे. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण वाटायचं खरं.

डब्याचा निकाल कळवा.

वहिनी


१० मार्च

वहिनी,

निकाल : एक्क्याण्णव पूर्णांक चार. मी तीनदा पाहिला. पेट्रोलमध्ये भेसळ नाही.

म्हणजे दोन शक्यता उरतात. एक, सिलिंडरमध्ये काजळी साचली असेल. ती जागा खाते, त्यामुळे दाब वाढतो. इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण, उघडून ती खरवडून घ्या. दुसरी शक्यता तुमच्या चालवण्याची. चढावर तुम्ही वरच्या गिअरमध्ये जात असणार. नवशिक्या माणसाला गिअर खाली आणायचा कंटाळा येतो. इंजिन रडत असताना रेटत राहिलं की कुठलंही पेट्रोल ठोके देईल. गिअर वेळेवर बदला, एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

बाकीच्या मजकुराबद्दल काय लिहू? अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दादालाही तोंड होतं. तो तिथल्या तिथे बोलू शकला असता.

तुमचा दीर


१६ मार्च

भावजी,

नवशिकी तुमच्या घरची. मी सव्वीस वर्षांपूर्वी शिकले. त्या चढावर कुठल्या वळणाला कुठला गिअर, ते मी डोळे मिटून सांगेन.

काजळी खरवडली. दोन दिवस गाडी बंद, नर्सबाई दुसऱ्याच्या गाडीने गेल्या. तिसऱ्या दिवशी चढाला लागले, तर टणटण होती तशीच. मग मेकॅनिकने ठिणगीची वेळ मागे ओढली. आवाज गेला, पण गाडीत जीवच राहिला नाही. झऱ्याच्या वळणावर कंपाउंडरला उतरून ढकलावं लागलं. वेळ पुन्हा होती तशी करून घेतली.

आता एक सांगते, जे मी पहिल्या पत्रापासून लपवलं. डिसेंबरात एकदा हिरवी नळी बंद होती, म्हणून मी निळी भरली. ती टाकी संपेपर्यंत गाडीने चढावर हूं की चूं केलं नाही. पुन्हा हिरवी भरली, पुन्हा आवाज. नंतर मी मुद्दाम दोनदा करून पाहिलं. तेच.

म्हणजे मला उत्तर माहीत होतं, भावजी. तरी तुम्हाला विचारलं, कारण ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ह्यांना सगळे हसले ते तुमच्या शब्दावर. मीही मनातल्या मनात तुमचीच बाजू धरली, कारण तुम्ही शिकलेले. आता हे नाहीत, आणि मी त्या सीटवर बसून रोज तो आवाज ऐकते, आणि मला ह्यांची माफी मागावीशी वाटते, आणि मागायला माणूस नाही. तुमच्या पुस्तकात एक्क्याण्णव लिहिलं असेल. मग गाडी निळ्या नळीवर गप्प का होते? याचं उत्तर असेल तर लिहा. नसेल तर लिहू नका, मी समजेन.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

उत्तर नाही, तरी लिहितोय.

पत्र वाचून आधी चिडलो. तुम्ही माझी परीक्षा घेतलीत म्हणून. मग लक्षात आलं की पहिल्याच पत्रात सगळं होतं. गाडी हिरव्या नळीवर आली आणि आवाज सुरू झाला. एखाद्या नव्या पोराने असा अहवाल आणून दिला असता आणि त्याला हे दिसलं नसतं, तर मी त्याला दिवसभर बाटल्या धुवायला बसवलं असतं. मला दिसलं नाही, कारण मला ते पाहायचं नव्हतं.

एक शेवटचं करा. मेकॅनिककडे दाब मोजायचं घड्याळ असेल. प्लग काढून त्या जागी ते लावायचं आणि इंजिन फिरवायचं. दादाच्या गाडीला साधारण एकशे तीस पौंड यायला हवेत. इतक्या जुन्या इंजिनाला कमीच येतील. काय येतं ते कळवा.

वेळेवर गिअर बदलण्याबद्दल लिहिलं ते मागे घेतो.

तुमचा दीर


१५ एप्रिल

भावजी,

एकशे ऐंशी.

मेकॅनिकला वाटलं घड्याळ बिघडलं. त्याने शेजारच्या गाडीला लावून पाहिलं, तिथे बरोबर. मग त्याने डोकं पुन्हा उघडलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि म्हणाला, "बाई, हे तर घासलेलं आहे. केवढं पातळ झालंय बघा." त्याला कळेना हे काम कुणाचं. मला कळलं. बाजारामागे एक लेथवाले काका आहेत, ह्यांचं कातकाम तेच करायचे. आता हात थरथरतो म्हणून मुलगा बसतो आणि काका बाजूला स्टुलावर बसून त्याच्या चुका काढतात.

काकांनी डोकं हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि लगेच ओळखलं. म्हणाले, "हे माझं पाप. गाडी एवढी तापवली होती की डोकं वाकडं झालं होतं. नवं मिळेना. मी एकदा घासलं, सपाट होईना, म्हणून दुसऱ्यांदा घासलं. वरची जागा कमी झाली, दाब वाढला. मी त्याला तेव्हाच बजावलं होतं, आता या इंजिनाला जन्मभर वरच्या नंबरचं पेट्रोल, दुसरं घातलंस तर बडबड करील."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं, भावजी. तुम्ही सहा माणसांसमोर ह्यांना शिकवत होतात तेव्हा ह्यांना सगळं ठाऊक होतं.

एवढं कळल्यावर मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि काकांचा मुलगा घाबरून पाणी घेऊन आला. पण एक कोडं आहे. हे गाडी कधी तापू देत नसत. सुई जरा वर गेली की थांबायचे, पाणी घालायचे, प्रवासी कितीही कुरकुरले तरी. मग एवढी तापली कधी? काकांनाही साल आठवेना. पण गिऱ्हाईक मागाहून भांडायला येऊ नये म्हणून ते प्रत्येक कामावर आतल्या बाजूला तारीख कोरतात. मुलाने पुसून वाचून दाखवली. तेवीस वर्षांपूर्वीचा मे महिना, एकोणीस तारीख. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी तेव्हा माहेरी होते.

तुम्हाला काही आठवतं का?

वहिनी


११ मे

वहिनी,

तीन आठवडे हे पत्र लिहितोय. लिहितो आणि फाडतो.

तारीख वाचली त्या दिवशी मी एकुलत्याला चालू ठेवून तसाच बसून राहिलो. कुणीतरी येऊन बटण बंद केलं.

त्या वर्षी, त्याच्या तीनच दिवस आधी, १६ मे रोजी माझी मुलाखत होती. याच नोकरीची. सकाळची बस मी चुकवली, कारण दाखले घरी विसरलो होतो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो. दुसरी बस दुपारची. दादा त्याच्या फेरीवर निघाला होता. त्याने प्रवाशांना हात जोडले, दुसऱ्या गाडीत बसवलं आणि मला म्हणाला, "बस."

उन्हाचा कहर होता. घाट चढताना सुई हलली. झऱ्याच्या वळणावर ती लाल पट्ट्यात गेली. दादा रोज तिथेच थांबायचा, तिथे पाणी आहे. त्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "थांबायचं का?"

मी घड्याळ पाहिलं.

त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि गिअर बदलला. पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघे त्या सुईकडे बघत होतो. बॉनेटमधून वाफ यायला लागली होती. मी दहा मिनिटं आधी पोचलो. आत गेल्यावर मला पहिला प्रश्न विचारला, ऑक्टेन म्हणजे काय. मी म्हणालो, इंधनाची दाब सोसण्याची क्षमता. साहेब खूश झाले. खिडकीतून मला दादा दिसत होता. बादली घेऊन नळ शोधत फिरत होता.

संध्याकाळी तो म्हणाला, "गाडी जरा तापली होती, आता बरी आहे." मी विश्वास ठेवला. त्यानंतर मी कधी विचारलंही नाही.

वहिनी, मी त्याला गाढव म्हणालो. गाडीला नाही, त्यालाच. त्याला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. तो म्हणू शकला असता, "अरे, तुझ्या नोकरीपायीच हे डोकं वाकडं झालंय." तेवढ्या एका वाक्यात त्याने मला त्या सहा जणांसमोर गप्प केलं असतं. तो ते बोलला नाही, आणि मी मात्र अकरा वर्षं वाट बघत बसलो की थोरल्याने आधी बोलावं.

फाटकाशी आलो तेव्हाही मला वाटत होतं की मीच मोठेपणा दाखवतोय.

तुमच्या गाडीला सत्त्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. निळ्या नळीचं. दादाचं बरोबर होतं. माझं चुकलं. हे मी प्रयोगशाळेच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून देऊ शकतो.

तुमचा दीर


१८ मे

भावजी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ह्यांच्या खुर्चीवर बसले होते.

तुमच्यावर रागवावं असं फार वाटतंय. पण बस चुकवणारं, दाखले विसरणारं ते धांदरट पोर मला आठवतं. ह्यांच्या ताटातलं उचलून खायचं आणि वर त्यांनाच शहाणपण शिकवायचं. ह्यांना तुमचा केवढा अभिमान होता! पंपावर ते का बोलले नाहीत, ते मला आता कळतं. बोलले असते तर तुम्ही जन्मभर त्या गाडीपुढे मान खाली घालून उभे राहिला असता. धाकट्याची मान खाली गेलेली ह्यांना बघवत नसे.

पण मला तुमचा शिक्क्याचा कागद नको. कागद मी डब्यात ठेवीन, आणि स्टँडवर ह्यांचं नाव 'निळे साहेब' ते 'निळे साहेब'च राहील. त्या सहांपैकी चौघे अजून आहेत. परवा मी निळी नळी लावली तर त्यांतला एक म्हणाला, "काय वहिनी, तुम्हीही साहेबांच्या वळणावर का?" तुम्ही चारचौघांत बोललात ते चारचौघांतच येऊन फिरवा. माणूस गेल्यावर त्याचं एवढं तरी करता येतं.

येणार नसाल तर तसं स्पष्ट कळवा. मी वाट बघत बसणार नाही. वाट बघण्याचा मला आता पुरे कंटाळा आलाय.

११ जूनला ह्यांना वर्ष होईल.

वहिनी


२९ मे

वहिनी,

मला माणसांत बोलायची सवय राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांत एका दमात दहा वाक्यं बोललो असेन ती एकुलत्याशीच. स्टँडवर उभा राहून माझ्या तोंडातून शब्द फुटतील की नाही, सांगता येत नाही.

१० तारखेच्या बसने येतोय. ती चुकवणार नाही.

तुमचा दीर


२० जून

भावजी,

तुम्ही परत जाऊन आठवडा झाला. इथे दोन दिवस राहून तुम्ही इतकं कमी बोललात की तुमच्या वतीने मीच लिहून ठेवते. नाहीतर पुढे म्हणाल, असं काही झालंच नाही.

पंपावर आपण सकाळी आठला गेलो. पंपवाल्याच्या हातातून नळी तुम्ही घेतलीत, निळी, आणि स्वतः टाकी भरलीत. थोडं पेट्रोल बुटावर सांडलं. मग तुम्ही स्टँडकडे तोंड केलंत. चौघेही चहा घेऊन उभे होते, कारण मी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता रागवा.

तुम्ही म्हणालात, "अकरा वर्षांपूर्वी मी इथे दादाला हसलो, ते चुकीचं होतं. त्याचं बरोबर होतं." तुमच्या बुटांना ऐकू गेलं असेल तेवढंच. मामांना हल्ली ऐकू कमी येतं. त्यांनी कानामागे हात धरला आणि ओरडले, "काय म्हणाले?" मला वाटलं, झालं, आता तुम्ही पळता. पण तुम्ही छाती भरून श्वास घेतलात आणि पूर्ण पंपाला ऐकू जाईल असं ओरडलात, "माझ्या भावाचं बरोबर होतं! गाढव मी होतो!" आणि मग मुलाखत, सुई, वाफ, सगळं सांगितलंत. कुणी हसलं नाही. मामांनी त्यांचा चहा तुमच्या हातात दिला.

तुम्ही गेल्यावर मामा मला म्हणाले, "साहेब साहेब म्हणत होतो, तो खरंच साहेब निघाला." पूर्वी कुणी निळे साहेब म्हटलं की मला झोंबायचं. आता तसं होत नाही.

घर पुन्हा तसंच झालंय. तुम्ही दोन दिवस दुसऱ्या खुर्चीवर बसलात, आता ती रिकामी बघताना जास्त जड जातं. येऊच दिलं नसतं तर बरं झालं असतं, असंही एका संध्याकाळी वाटून गेलं. तुम्हालाही तिकडे त्या जाड भिंतींच्या खोलीत असंच होत असेल. उधळे कुठले आपण दोघे, एवढी वर्षं वाया घालवली. असो. महिन्यातून एकदा येत जा. बस असते, आणि ती चुकवायची नसते, हे तुम्हाला आता जमतं.

शेवटचं एक. त्या दिवशी पंपावरून आपण घाटात गेलो. तुम्ही काच खाली करून, मान वाकडी करून सबंध चढ बॉनेटकडे कान लावून बसला होतात. एकही ठोका आला नाही. तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. झऱ्याचं वळण आलं. सुई अगदी जागेवर होती, गाडी कुरकुरत नव्हती, पाठीमागे कुणी खोळंबलं नव्हतं. थांबायला काही कारण नव्हतं. मी मुद्दाम गाडी हळू केली आणि ह्यांच्यासारखंच विचारलं, "थांबायचं का?"

तुम्ही मनगटाकडे पाहिलं नाही. म्हणालात, "हो, थांबूया."

आपण अर्धा तास थांबलो होतो.

वहिनी